गाडीत बसणे आणि गाडीतून उतरणे

वाचकहो, आरोग्यविषयक पाक्षिकात मोटारखरेदीवर लेख कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मला माझ्या दवाखान्यात मिळाले. सत्तरी ओलांडलेले कित्येक रुग्ण सांगतात, “डॉक्टर, हल्ली कुठे जावेसेच वाटत नाही.” थोडे खोदून विचारले की उलगडा होतो. जाण्याची इच्छा शाबूत असते, परंतु गाडीत चढणे जमत नाही आणि चारचौघांदेखत दोघातिघांनी बखोटीला धरून आत ढकलावे, हे मनाला सोसवत नाही. मग लग्नकार्ये सुटतात, देवदर्शन सुटते, पुढे पुढे डोळ्यांची तपासणीही सुटते. माणूस घरात बसतो, बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात आणि झिजलेल्या मांड्यांनी गाडीत चढणे आणखीच दुरापास्त होते. या चक्राला कोणतेही औषध नाही. दाराची रुंदी आणि आसनाची उंची मात्र त्यावर परिणाम करू शकते, असे माझे मत आहे.

यंदा हा प्रश्न आमच्याच घरी उभा राहिला. माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची. चौदा महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी कृत्रिम गोळा बसवावा लागला. आता घरात ती वॉकर घेऊन हिंडते, लांबवर जायचे झाले तर चाकांची खुर्ची लागते. तिची थोरली बहीण, माझी मावशी, चिपळूणला असते. ती शहाऐंशीची आहे, बहुतेक वेळ अंथरुणावरच असते आणि तिला दूरध्वनीवरचे बोलणे ऐकू येत नाही. दोघी बहिणींची भेट होऊन दोन वर्षे झाली होती. कराडहून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाने चिपळूण शंभरएक किलोमीटर. अंतर काही फार नव्हे. पण आमची अकरा वर्षांची छोटी गाडी आईसाठी निरुपयोगी ठरली होती.

का ठरली, ते नीट समजून घ्यावे. ठेंगण्या गाडीत बसताना नितंब गुडघ्यांच्या पातळीखाली जातात, म्हणजेच मांडी आणि धड यांतील कोन काटकोनापेक्षा लहान होतो. खुब्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना, विशेषतः पहिले काही आठवडे, हीच स्थिती टाळायला सांगितलेली असते. कृत्रिम गोळा उखळीतून निसटण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया झालेली नसली तरी झिजलेल्या गुडघ्यांना खोल आसनातून उठणे फार जड जाते. उलट टोक म्हणजे खूप उंच गाडी. तिच्यात बसण्यासाठी पाय उचलावा लागतो आणि दुसऱ्या पायावर सगळा भार घेऊन क्षणभर तोल सांभाळावा लागतो. आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे, ती कोणतीही मोटार कंपनी विचारात घेत नाही: लुगडे. पाचवारी साडीत गुडघा किती वर उचलता येतो, हे आपल्या आईला किंवा आजीला विचारून पाहा.

म्हणून मधल्या उंचीची गाडी हवी, हे ठरले. पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी दोन नावे पक्की केली: ह्युंदाईची क्रेटा आणि मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा. तुलनेचा एक लांबलचक तक्ताही त्याने पाठवला. कागदावर दोन्ही गाड्या जुळ्या बहिणी वाटाव्यात. क्रेटाची लांबी ४३३० मिलिमीटर, ग्रँड व्हिटाराची ४३४५. रुंदी १७९० आणि १७९५. उंची १६३५ आणि १६४५. जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचे अंतर क्रेटाचे १९० मिलिमीटर, तर दुसरीचे २१०. क्रेटा पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही प्रकारांत मिळते. ग्रँड व्हिटारा २०२२ पासून बाजारात आहे. तिच्या एका प्रकारात पेट्रोलच्या इंजिनाला विजेच्या मोटरची जोड आहे आणि प्रमाणित चाचणीत ती लिटरला २७.९७ किलोमीटर धावते. आम्ही हाच प्रकार पाहत होतो. चिरंजीवांच्या तक्त्यात पडद्याचे इंच होते, ध्वनिक्षेपकांची संख्या होती, छतातील काचेचे क्षेत्रफळ होते. जमिनीपासून आसनापर्यंतची उंची मात्र कुठेच नव्हती. ती माहितीपत्रकात छापलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. गाडीच्या पोटाची उंची म्हणजे आसनाची उंची नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

तेव्हा आईला घेऊन, दवाखान्यातील मोजपट्टी खिशात टाकून आम्ही दालनात गेलो. मापे घेण्याची माझी रीत सोपी आहे आणि ती आपण कोणीही वापरू शकता. वृद्ध व्यक्तीला आसनाकडे पाठ करून उभे करावे. आसनाची कड तिच्या नितंबांच्या साधारण मध्यावर किंवा किंचित खाली आली, तर ती टेकून मागे सरकू शकते. कड कमरेशी आली तर चढावे लागेल, गुडघ्याशी आली तर पडल्यासारखे बसावे लागेल. दोन्ही गाड्यांत आईच्या बाबतीत कड थोडी वरच होती. आई पाच फुटांहून कमी आहे, आणि खुबा मोडल्यापासून आणखी अर्धा इंच वाकली आहे. दोहोंतला फरक बोटभराचा, म्हणजे निर्णय करण्याजोगा नव्हताच. रबर लावलेला, चार-पाच इंच उंचीचा रुंद लाकडी पाट सोबत ठेवला की दोन्हींत काम भागणार होते. पाट ठेवताना एक पथ्य अवश्य पाळावे: सोबतच्या माणसाने त्यावर आपला एक पाय रोवलेला असावा. घसरणाऱ्या पाटापेक्षा पाट नसलेला बरा.

दालनातील विक्रेता तरुण अदबशीर होता. त्याने आईचा दंड धरून तिला वर घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती म्हणाली, “बाळा, मी मडके नाही रे. सांग मला, मी बसते.”

हेच सांगणे महत्त्वाचे आहे. गाडीत पाय आधी घालून मग बसण्याची आपल्याला सवय असते. अशक्त व्यक्तीने उलट करावे. पाठमोरे व्हावे, आसनाची कड पायांच्या मागे लागली की एक हात आसनावर टेकून हळूच बसावे, डोके छताला लागणार नाही एवढे सांभाळावे, शरीर थोडे मागे सरकवावे आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळावे. आसनाचे कापड खरखरीत असेल तर प्लास्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज फिरते. बसून झाल्यावर ती आठवणीने काढून घ्यावी, नाहीतर ब्रेक लागताच माणूस पुढे घसरेल. उठताना हाच क्रम उलटा. दार धरून उठू नये. दार हलते आणि आधार म्हणून धरलेली हलणारी वस्तू कशी घात करते, हे माझ्याकडे मनगट मोडून येणाऱ्यांना ठाऊक आहे. दाराच्या चौकटीतील कुलपाच्या लोखंडी कडीत अडकवायचा एक आखूड, भक्कम दांडा बाजारात मिळतो. तो धरण्यास उत्तम.

पुढचे आसन की मागचे, यावर घरोघरी वाद असतो. मानाची जागा म्हणून वडीलधाऱ्यांना मागे बसवण्याची पद्धत आहे. खुबा आणि गुडघे यांचा विचार करता पुढचे डावे आसन बरे; ते मागे सरकवता येते, पाठ कलती करता येते आणि घाटात समोरचा रस्ता दिसत असल्याने मळमळही कमी होते. मात्र आसन इतके मागे असावे की छाती आणि समोरच्या फळीतील हवेची पिशवी यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर राहील. पट्टा खांद्याच्या मध्यावरून आणि पोटाखाली, कंबरेच्या हाडांवरून गेला पाहिजे; पोटावरून जाता कामा नये. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे आणि न बांधल्यास हजार रुपये दंड आहे. दंडाचे सोडा, मागचा पट्टा न बांधलेला धट्टाकट्टा माणूस धडकेत पुढच्या वृद्धेच्या पाठीवर आदळतो, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

पेसमेकर असलेल्यांसाठी एक बारकावा. यंत्र बहुधा छातीच्या डाव्या बाजूस, खांद्याच्या खाली बसवलेले असते, आणि आपल्याकडच्या गाड्यांत डावीकडच्या आसनाचा पट्टा डाव्या खांद्यावरूनच उतरतो. तो रुततो, म्हणून पुष्कळ जण पट्टाच टाळतात. तसे करू नये. यंत्रावर मऊ घडी ठेवावी, किंवा चालकाच्या मागे, उजवीकडे बसावे. तेथे पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. मात्र उजव्या दाराने रहदारीच्या बाजूस चढू-उतरू नये. गाडी आवारात किंवा रस्त्यापासून दूर उभी करून मगच दार उघडावे.

आता चाचणीफेरीविषयी. दालनवाले आपल्याला गुळगुळीत महामार्गावर नेतात. मी विनंती केली की, गाडी माझी पत्नी चालवील, मी आईसह मागे बसेन आणि आपण गावातल्या रस्त्याने जाऊ, जेथे दर शंभर पावलांवर गतिरोधक आहे. कारण हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीच्या कण्याला गतिरोधकाचा एक धक्का पुरतो. मागची बाकडी मागच्या चाकांच्या जवळ असते, त्यामुळे तेथे उसळी अधिक बसते. लग्नाहून परतताना “पाठीत फक्त कट्‌ झाले” असे सांगणाऱ्या एका आजींच्या क्ष-किरण चित्रात मणका पाचरीसारखा दबलेला मी पाहिला आहे. त्या पडल्या नव्हत्या, कोठे आपटल्याही नव्हत्या. सात आसनी गाडीच्या अगदी शेवटच्या रांगेत तर वृद्धांना कधीही बसवू नये. तेथे धक्काही मोठा आणि गुडघेही छातीशी. टायरमधील हवा कंपनीने सांगितली आहे तेवढीच असावी. हवा जास्त भरली की गाडी कमी पेट्रोल पिते अशा समजुतीने ती भरणारे पुष्कळ आहेत. त्याचा भुर्दंड मागे बसलेल्याचा कणा भरतो.

हळू वेगात दोन्ही गाड्यांनी आईला सांभाळून नेले. ग्रँड व्हिटाराने तर तिला चकित केले. गाडी दालनाच्या फाटकाबाहेर पडली तरी ती विचारत होती, “चालू झाली का?” विजेवर निघताना आवाज जवळजवळ नसतोच. आई श्रवणयंत्र वापरते आणि श्रवणयंत्राला इंजिनाची घरघर व माणसाचे बोलणे यांतला भेद फारसा करता येत नाही. एरवी प्रवासात ती यंत्र काढून ठेवते आणि एकटी पडते. त्या दिवशी ती सारा वेळ बोलत होती. मला ही गाडी मनापासून आवडली, हे मी येथे नोंदवून ठेवतो. इंधनाची बचत हा तर वर नफा होता. मात्र अशा मूक गाड्या मागे घेताना आवारातील वृद्धांना त्या ऐकू येत नाहीत, याचे भान चालकाने ठेवावे.

दुसऱ्या बाजूस क्रेटाची मागची बाकडी अधिक निवांत वाटली. खिडक्यांना ओढून घ्यायचे पडदे होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि व्हायच्या असलेल्यांनाही दुपारच्या उन्हाची तिरीप फार छळते. त्यांना हा पडदा छतातील विस्तीर्ण काचेपेक्षा कितीतरी उपयोगाचा. त्या काचेबद्दल मी फारसा उत्साही नाही. ऊन आत घेण्यासाठी आपण महाराष्ट्रात पैसे मोजावेत, याचे मला आश्चर्य वाटते. वातानुकूलनाचे झोत मागच्या प्रवाशांसाठी दोन्हींत आहेत. आईने दोन्हींत ते बंद करून पदर कानांवरून घेतला.

बसलेल्या आईचे पाय मात्र दोन्ही गाड्यांत जमिनीला टेकत नव्हते. याकडे कोणी लक्ष देत नाही. पाय लोंबत राहिले की आसनाची कड मांडीच्या मागच्या बाजूस दाबते, रक्त परत फिरण्यास अडथळा होतो, पावले सुजतात आणि लांबच्या प्रवासात शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. चढण्यासाठी घेतलेला तोच पाट बसल्यावर पायांखाली ठेवावा.

निर्णय झाला तो सामानाच्या कप्प्यापाशी. मी घरची चाकांची खुर्ची सोबत नेली होती, कारण ती मावते की नाही हे कोणताही तक्ता सांगू शकत नाही. क्रेटाचा कप्पा ४३३ लिटरचा. पाय ठेवण्याच्या पट्ट्या काढून खुर्ची मिटली आणि आडवी निजवली. वर दोन पिशव्याही बसल्या. ग्रँड व्हिटाराच्या विजेची जोड असलेल्या प्रकारात बॅटरी मागच्या कप्प्याच्या तळाशी आहे. त्यामुळे कप्प्याची उंची कमी होते आणि जागा २६५ लिटरची उरते. खुर्ची त्यात नीट मावेना. मागच्या आसनाचा एक भाग दुमडला असता मावली असती, हे खरे. पण आम्ही जाणार पाच जण: आई, मी, पत्नी, मुलगा आणि आईची दिवसभर काळजी घेणाऱ्या ताई. शिवाय सोळा किलोची लोखंडी खुर्ची माणसांशेजारी मोकळी ठेवून कुंभार्ली घाट उतरणे माझ्यातील डॉक्टरला मान्य नव्हते. जोराने ब्रेक लागला तर ती खुर्ची काय करील, हे वेगळे सांगायला नको.

खुर्ची आत ठेवण्याचे आणि काढण्याचे काम कोण करणार, हाही प्रश्न आम्ही तेथेच सोडवून पाहिला. बहुतेक वेळा ते पत्नी करते. तिचे वय चोपन्न आणि कंबर पूर्वीपासून नाजूक. कप्प्याची कड जितकी उंच तितके ओझे अधिक वर उचलावे लागते, आणि वाकून, वळून उचलणे तर कंबरेला सर्वांत वाईट. तिने खुर्ची तीनदा ठेवली, तीनदा काढली. विक्रेता तरुण मदतीला धावला, तेव्हा तिने त्याला थांबवले: “तुम्ही रोज येणार आहात का?” सेवा करणाऱ्याची कंबर मोडली तर घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात. आपल्यापैकी जे कोणी अशी सेवा करीत आहेत, त्यांनी खरेदीच्या वेळी हा प्रयोग संकोच न करता करावा.

चालकाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण चालकही म्हातारा होत असतो. मी सत्तावन्न वर्षांचा आहे. ही गाडी दहा वर्षे वापरायची म्हटली तर सदुसष्टाव्या वर्षापर्यंत. माझी मान डावीकडे पूर्वीसारखी वळत नाही, म्हणून मागचे दाखवणारा कॅमेरा मला चैनीचा वाटत नाही. डावा गुडघा कुरकुरतो, म्हणून क्लच नसलेली गाडी. पंचावन्नाव्या वर्षानंतर परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांचे होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. नमुना १-अ वर मी इतरांसाठी नेहमी सही करतो; समोरच्या वाहनाच्या दिव्यांनी डोळे दिपतात का, हे प्रत्येकाला विचारतो. माझ्यासाठी सही करणाऱ्या डॉक्टरमित्रानेही मला ते विचारले.

क्रेटा पेट्रोलची घेतली. चिरंजीव इंधनाच्या हिशेबावरून दोन दिवस खट्टू होते.

प्रवासाची तयारी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तरी दोन गोष्टी सांगतो. लघवीला जावे लागू नये म्हणून वृद्ध मंडळी आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडतात. त्याने रक्तदाब उतरतो, आणि गाडीतून उतरून उभे राहताच चक्कर येते. पाणी प्यावे, दर दीड तासाने थांबावे, उतरण्याआधी दोन मिनिटे आसनावर बसूनच पावले हलवावीत. लघवीची गोळी चालू असल्यास त्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने बंद करू नये. दुसरे, गाडी लागू नये म्हणून सर्रास घेतली जाणारी प्रोमेथाझिनची गोळी उतारवयात जपून. तिने गुंगी येते, काहींना भ्रम होतो, तोल जातो आणि प्रोस्टेटची वाढ असलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. हलका नाश्ता, पुढची जागा आणि हळू चालवणारा चालक एवढ्यावर पुष्कळांचे भागते.

कराड ते चिपळूण आम्ही दोनदा थांबलो. पाटणला आणि कोयनानगरला. दोन थांबे म्हणजे निघणे-पोहोचणे धरून तीनदा चढणे आणि तीनदा उतरणे. दालनात एकदा बसून “जमते की” म्हणणे वेगळे. तिसऱ्यांदा उतरताना, चिपळूणच्या अंगणात, मी पाटावर पाय रोवून उभा होतो आणि हात पुढे केला होता. आईने दांडा धरला, दोन्ही पाय बाहेर घेतले, क्षणभर तशीच बसली. मावशीला तोवर खाटेवरून उठवून ओसरीवर आणून बसवले होते. “तू सरक जरा,” आई मला म्हणाली, “मधे उभा आहेस, ती दिसत नाही मला.”